रघूचा हातगुण

श्री

लालबाग, मुंबई
२५ एप्रिल १९६०

चि. सौ. मीरा हिला आजेसासू जाईबाईचा पोटभर आशीर्वाद. तुझ्या आईला नमस्कार, बाबांना नमस्कार, आणि पडवीत तंबाखू मळत बसणाऱ्या तुझ्या आजोबांनाही नमस्कार. त्यांना ऐकू येत नाही, पण तू मोठ्यानं वाचून दाखव. इकडे आम्ही बरी आहोत. माझा गुडघा बरा नाही, पण तो काही पत्रात लिहायचा विषय नाही.

हे पत्र माझ्या हातचं आहे गो. आजपर्यंत शेजारचा नाना लिहून द्यायचा, पण त्याची कारकुनी अजून सुटत नाही. परवा त्याला म्हटलं, लिही, मुलगी झाली हे ऐकून आजी नाचली. तर हा लिहितो, "कन्यारत्न प्राप्त झाल्याचे कळून अत्यंत संतोष जाहला." मी म्हटलं, "नाना, मी नाचले ते कुठं आहे यात?" म्हणतो, "ते संतोषात आलं, आजी." मी म्हटलं, राहू दे तुझा संतोष. चाळीतल्या बायकांच्या वर्गात मी पाटी घासली ती काय उगाच? तेव्हा काना-वेलांटी चुकली तर समजून घे. आणि तुम्ही तरी बारशाला केवढं अवघड नाव शोधलंत! उर्मिला! तो रफार कुठल्या अक्षराच्या डोक्यावर बसवायचा हे विचारायला मला पलीकडच्या नलूच्या खोलीत दोनदा जावं लागलं. पण गोड आहे हो नाव. मी दिवसभर पुटपुटत असते.

मी पेढे वाटले. पूर्ण मजला, खालचा वाणी, नळावरच्या बायका, सगळ्यांना. नलू म्हणाली, "आजी, मुलगी झाल्यावर पेढे? बर्फी द्यायची असते." मी म्हटलं, "पहिल्या तारखेला महाराष्ट्र होणार आहे, तेव्हा काय वाटणार तुम्ही? तो मुलगा की मुलगी, विचारून घेतलंय का कुणी?" सगळ्या हसल्या. पण खरं सांगते मीरे, मला मुलगीच हवी होती. माझ्या पोटी चार मुलगे झाले, त्यातला एक रघूचा बाप, तोही राहिला नाही. वेणी घालायला घरात डोकं नाही. मी आत्तापासून खोबरेल कढवून ठेवलंय. हसू नको.

तू विचारलंस, बारशाला हे का आले नाहीत. रघूला सुटी नाही गो मिळाली. वडाळ्याला त्या शेटजींच्या जनावरांच्या दवाखान्यात त्याच्यावाचून पान हलत नाही. डॉक्टरसाहेब स्वतः म्हणतात, "रघूला बोलवा, त्याच्या हातात जनावर शांत होतं." कसलंही असो, लाथा मारणारा घोडा असो की चावरं कुत्रं. हा नुसता जवळ बसतो, कपाळावर हात ठेवतो, काहीतरी पुटपुटतो, की संपलं. हा हातगुण आमच्या घरातलाच. माझे सासरे गावात बैलांचे पाय बसवायचे. चाळीत कुणाची मांजर आजारी पडली की माझ्याच दारात येतात. मी मान वर करून सांगते, थांबा हं, रघू येऊ दे.

पूर्वी कसा हळवा होता. एखादं कुत्रं दगावलं की दोन दिवस जेवायचा नाही. तू नवी नवी आलीस तेव्हा बघितलं असशील. आता तसं काही नाही. पानात पडेल ते खातो, काही म्हणता काही म्हणत नाही. सुधारला. तुझं पत्र आलं तेव्हा वाचलं, घडी केली, आणि हसला. म्हणजे हसला असावा, मी चुलीकडं तोंड करून होते. मग म्हणाला, "भात वाढ." चहा मात्र कोरा घेतो हल्ली. पित्त झालं असेल.

तर आता नीट ऐक. पावसानं बोटी बंद व्हायच्या आत मी त्याला तुझ्याकडं देवगडला पाठवते. मेच्या मध्यावर. आमच्या मजल्यावरचा कुशाबा गावी निघालाय, त्याच्याबरोबर. बाप आला नाही म्हणून चेडवाला, आपल्या पोरीला, अंगारा लावायचा राहिलाय ना? तो येऊन लावील. किरकिर करत असली तर त्याच्या मांडीवर दे आणि बघ गंमत. मग दिवाळीला तुम्ही दोघी इथं या. मी बोटीवर घ्यायला येणार, गुडघा असो नाहीतर नसो.

बाळंतकाढा चुकवू नको. कान बांधून ठेव. गार पाण्यात हात घालू नको.

पणजी झालेली,
जाईबाई


लालबाग, मुंबई
१८ मे १९६०

चि. सौ. मीरा हिला आणि तिच्या मांडीवर असलेल्या चि. उर्मिलाला जाईबाईचे आशीर्वाद. रफार बघ कसा बसलाय आता. वडीलधाऱ्यांना नमस्कार.

कुशाबानं गाठोडं दिलं असेल. दुपटं माझ्या जुन्या इरकलीचं आहे, धुवून धुवून इतकं मऊ झालंय की नव्याला ती सर नाही. डिंकाचे लाडू तुझे, तुझ्या भावंडांना एकेकच दे. टोपडं नलूनं विणलंय, ते मोठं झालंय, पण डोकं वाढेल की.

इकडे काय काय झालं ते सांगते. एक तारखेला मुंबई तू बघायला हवी होतीस. गिरण्यांना दिवे, चाळींना दिवे, खालच्या न्हाव्यानं तर खुर्चीलासुद्धा तोरण बांधलं होतं. छप्पन साली याच रस्त्यावर दारं लावून बसलो होतो आम्ही, गोळीबार ऐकत. आणि आता त्याच रस्त्यावर लेझीम! मी गॅलरीतून इतकी ओरडले की घसा बसला. नाना धोतराचा सोगा धरून नाचत होता, त्याला म्हटलं, "आता लिही, संतोष जाहला!" लाजला मेला. हे सगळं उर्मिलाला मोठी झाल्यावर सांगायचं. सांगायचं, तू आणि महाराष्ट्र पाठोपाठचीच.

दूध येतंय ना तुला पुरेसं? हळीव खा.

कुशाबानं तुला सांगितलं असेल की रघूची सुटी रद्द झाली. तसं सांगायला त्याला रघूनंच सांगितलं होतं. सुटी रद्द झालेली नाही. आठ दिवसांची मिळाली होती. तिकीट काढलं होतं. परवा सकाळी मीच त्याला अंघोळीचं पाणी दिलं, धुतलेला सदरा दिला, गाठोडं त्याच्या काखेत दिलं. आणि दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते तर हा दारात उभा.

हे मला नानाला सांगून लिहून घेता येत नव्हतं. म्हणून पुन्हा माझं अक्षर.

कुठून सुरुवात करू. त्या एक तारखेचंच सांगते. तुला मगाशी सगळं सांगितलं नाही.

संध्याकाळी मिरवणूक आमच्या नाक्यावर आली. कुणीतरी फटाक्यांची माळ लावली, नेमकी एका व्हिक्टोरियाच्या चाकापाशी. घोडा उधळला, ट्रामच्या रुळावरून पाय निसटला आणि आडवा झाला. पुढचा पाय नको तिथं वाकलेला. गाडीवान म्हातारा मुसलमान, तो घोड्याच्या मानेला मिठी मारून रडतोय. घोडा ओरडतोय. तसलं ओरडणं मी कधी ऐकलं नव्हतं. आणि खालून आपल्या चाळीतली माणसं हाका मारायला लागली, "आजी, तुमच्या रघूला पाठवा! आजी, रघू!"

रघू आत खाटेवर होता. भिंतीकडं तोंड करून. सगळी मुंबई रस्त्यावर आणि हा आत. मी म्हटलं, "अरे ऊठ, घोडा पडलाय, हात लाव जरा."

म्हणाला, "आजी, मला नको पाठवू."

मी म्हटलं, "असं काय करतोस? मुकं जनावर आहे. देवानं हात दिलाय तो कशाला?"

त्यानं खाटेवरून पाय खाली सोडले. मग उठला आणि गेला.

मी वरून बघत होते. माणसांनी वाट करून दिली. हा रस्त्यावर मांडी घालून बसला, घोड्याचं डोकं मांडीवर घेतलं, एक हात कपाळावर आणि दुसरा, डावा, डोळ्यांवर झाकण घातल्यासारखा. तोंडानं काहीतरी पुटपुटत होता. आणि मीरे, घोडा गप्प झाला. गो, त्या एवढ्या गोंगाटात गप्प. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "जय महाराष्ट्र!" म्हणाले. मीही टाळ्या वाजवल्या. नलूला कोपर मारून म्हटलं, "बघ, याला म्हणतात हातगुण."

मग डॉक्टरसाहेब आले, कुणीतरी दवाखान्यात निरोप धाडला होता. त्यांनी पाय बघितला, गाडीवानाशी बोलले, त्यानं मान हलवली आणि तोंड फिरवलं. रघू लोकांना म्हणत होता, जरा मागं वळा, बघू नका. कोण ऐकतो? साहेबांनी सुई टोचली. मला वाटलं, औषध. मला वाटलं, आता उठेल. मी नलूला म्हटलं पण, आता उठेल बघ.

रघूनं ते डोकं मांडीवरून उचललं आणि खाली ठेवलं. झोपलेलं मूल आपण कसं ठेवतो, मान धरून, तसं.

गाडीवान त्याच्या अंगावर धावून गेला. गळपट्टी धरली. "तेरे पे भरोसा करके लेटा था वो! तेरे पे!" लोकांनी सोडवलं. रघूनं हात वरसुद्धा केला नाही. त्याच्या सदऱ्यावर गुलाल होता, घोड्याच्या मानेवरही होता. पाठीमागं दोन घरं सोडून पुन्हा ढोल सुरू झाला.

वर आला, मोरीत बसून कोपरापर्यंत हात धुतले. मी विचारलं, "साहेबांना यायला उशीर झाला, होय रे? वेळेवर आले असते तर वाचला असता ना?"

म्हणाला, "आजी, माझं काम हेच आहे."

"हेच म्हणजे?"

"धरायचं. माझ्या हातात ती शांत राहतात ना, म्हणून संपवायची ती सगळी माझ्याकडं. बरी होणारी दुसऱ्यांकडं देतात. त्यांनी थोडी धडपड केली तरी चालते."

मीरे, मी एवढी वर्षं चाळभर मिरवले. तुला हे ठाऊक होतं का गो? तू इथं असताना तो रोज मोरीत हात धूत बसायचा आणि तू बाहेर टॉवेल धरून उभी असायचीस, ते आता डोळ्यासमोर येतं. ठाऊक असेल तर मला का सांगितलं नाहीस म्हणून मी रागावणार नाही. मी कुणाला बोलू कुठं देते?

कोरा चहाही तेव्हाच कळला. ज्या तबेल्याचं दूध आपण घेतो तिथं म्हशीला रेडा झाला की त्याला दूध पाजत नाहीत, ते विकायचं असतं. ती पारडी उपाशी वाळतात, आणि अगदी उभी राहिनाशी झाली की टोपलीत घालून दवाखान्यात आणून टाकतात. रघूच्या हातात द्यायला. म्हणाला, "ती माझं बोट चोखतात, आजी. शेवटपर्यंत." हे ऐकूनही मी दूध बंद केलेलं नाही. म्हातारीला चहा लागतो. तुझ्यापाशी खोटं कशाला लिहू.

मग मी हात धुऊन त्याच्या मागं लागले, सोड ती नोकरी. कुशाबानं गिरणीतल्या जॉबरला, म्हणजे मुकादमाला सांगितलं, बदली कामगार म्हणून लावलं. चार दिवस गेला. कानात कापूस घेऊन घरी यायचा, मला वाटलं, आता होईल. पाचव्या दिवशी जेवायला बसला होता तर दवाखान्यातला माणूस आला. धोब्याचं गाढव मालट्रकखाली आलेलं, दोन माणसं दोर टाकून दमली, साहेब म्हणाले रघूला विचारून बघा. नुसतं विचारून बघा म्हणाले हो. जबरदस्ती नाही. हा भरल्या ताटावरून उठला. मी दार अडवलं. म्हटलं, "तुझ्यावाचून जग अडलंय का?"

म्हणाला, "मी नाही धरलं तर पाय बांधतात आजी, चारी. ते शेवटपर्यंत ओरडतं. मला इथं बसून ऐकू येतं."

वडाळ्याचं लालबागला ऐकू येतं का गो? पण मी बाजूला झाले. काय करणार होते?

त्या दिवसापासून पुन्हा तिकडंच जातोय.

मला वाटलं, एकदा मुलीला बघितलं की सुटेल सगळं. मनापासून वाटलं. मी त्याला म्हटलंही, "तिला मांडीवर घेशील ना, मग कळेल हे हात कशासाठी आहेत." तिकीट काढायला तो नको म्हणाला नाही. मी तेवढ्यावर खूश. लाडू वळताना गात होते.

तर परवा भाऊच्या धक्क्यावर. बोटीत चढायला गर्दी, फळी हलतेय, एका बाईच्या एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात तान्हं. ते रडून लाल झालेलं. तिनं ते रघूच्या हातात दिलं, भाऊ जरा धरा म्हणून. बोटीवर सगळेच देतात, तूही दिलं असतंस. रघूनं घेतलं.

घरी येऊन उंबऱ्यावर बसला आणि हे मला सांगितलं. त्याचा आवाज कसा होता म्हणशील तर कसाच नव्हता. बाजारात कांदा काय भाव आहे ते सांगावं तसा. "आजी, ते रडत होतं, माझ्याकडं आलं आणि गप्प झालं. लगेच. आणि माझा डावा हात त्याच्या डोळ्यांवर गेला. मी नेला नाही. आपोआप गेला."

मी म्हटलं, "अरे, ऊन लागत असेल त्याला."

म्हणाला, "सावलीत होतो."

त्यानं ते मूल कुशाबाकडं दिलं, गाठोडं दिलं आणि चालत घरी आला. धक्क्यापासून चालत.

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. लहानपणी त्याची आई गेली तेव्हा असाच फिरवायची, तेव्हा हुंदके द्यायचा. आता लाकडाला हात लावल्यासारखं. मी विचारलं, "मुलीला बघावंसं वाटत नाही का रे? जराही?" मग म्हणाला, "वाटायला पाहिजे, ते कळतं. पण काही वाटत नाही. सगळं तिकडंच संपतं, आजी." आणि म्हणाला, "तिला इथं आणू नका. ती आली तर मी दवाखान्यातच झोपेन." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं.

आज पुन्हा कामावर गेलाय. सुटी शिल्लक असताना.

मी गेले दोन दिवस खूप विचार केला. माझी बुद्धी ती केवढी. डॉक्टरसाहेबांकडं जाऊन आले, गुडघा धरत जिने चढले. भला माणूस आहे. म्हणाले, "आजी, खरं आहे, पण त्याच्यासारखा दुसरा नाही." त्यांचेही डोळे रघूसारखेच झालेत, मला तिथं बसल्यावर दिसलं. त्यांना कुणाकडं पाठवायचं? देवळात जाऊन आले. बाहेर येऊन चप्पल घालताना कळलं की मी काही मागितलंच नाही. काय मागायचं ते सुचलं नाही.

म्हणून आता लिहिते ते लक्ष देऊन वाच, आणि हे पान आईला दाखवू नको.

दिवाळीला येऊ नको. मी गेल्या पत्रात ये म्हणून लिहिलं होतं, त्याला काही अर्थ नाही. त्याचं मन वळलं तर मी लिहीन, पण त्या भरवशावर उंबऱ्यात उभी राहू नको. तू एकवीस वर्षांची आहेस. शिवण शिकत होतीस ते पुढं शीक. पोरीला भात-पेज खाऊन मोठी होऊ दे, समुद्राजवळ. बाप कसा आहे विचारेल तेव्हा सांग, फार मायाळू होता. यात खोटं काही नाही.

पण बाळंतीण माहेरी राहिली की गाव बोलणार. दसरा झाला, दिवाळी झाली, नवरा नेत का नाही, हिच्यात काय खोट आहे. तुझ्या आईला पाणवठ्यावर जाणं नको होईल. रघूबद्दल तर एक शब्द काढू नको, त्याला वेडा ठरवतील. म्हणून तू असं सांग की आजेसासू नेऊ देत नाही. म्हातारी खवट आहे. तिला मुलगा हवा होता, मुलगी झाली म्हणून तोंड वाकडं करून बसली, दुपटंसुद्धा जुन्या लुगड्याचं पाठवलं. लोकांना पटेल. अशा म्हाताऱ्या त्यांनी पुष्कळ बघितल्यात. मी कुशाबालाही तसंच लिहिते, म्हणजे तो गावभर करील. त्याला तेवढं बरं जमतं.

माझं काय जातंय त्यात? मी आता त्या गावाला कुठं येतेय?

केस दाट आहेत का गो तिचे? एवढं मात्र कळव. नानाकडून वाचून घेणार नाही, मीच वाचीन. लावायला तेल लागलं तर कुणाबरोबर तरी पाठवीन, माझं नाव न सांगता.

तिला रोज दृष्ट काढ.

जिला मुलगी नको होती अशी तुझी आजेसासू,
जाईबाई